फेअरिंगच्या आत

"रुचिराबेन, ती तुमची झाकलेली बाइक. येत्या रविवारी बाहेर पायजे हां." सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई लिफ्टचं दार हाताने अडवून म्हणाले. "पार्किंगमध्ये नवीन लादी लागते. जी गाडी स्वतःच्या इंजिनवर गेटबाहेर जाईल, ती लादी झाल्यावर परत आत. जी नाय जाणार, ती भंगारवाल्याच्या टेम्पोत."

"हे कोणी ठरवलं?"

"मीटिंगमध्ये पास झालं ने. तुमच्या राजेशनी पण हात वर केला."

रुचिराच्या कडेवर दीड वर्षांची ऋतिका होती आणि हातात भाजीची पिशवी. राजेश गोरेगावहून ऑफिस करून आला, चपला काढतोय तोवर तिने गाठलं.

"तू हात वर केलास?"

"अगं, सगळ्यांनी केला. तुझी गाडी माझ्या डोक्यातच नव्हती."

"कशी असेल? तुझी कुठे आहे ती!"

"यार रुचिरा, ती पडून आहे. तूच तिच्याकडे बघत नाहीस. कव्हर कधी काढलंस शेवटचं, सांग ना."

तिने त्याच्या चपला उचलून कोपऱ्यात आदळल्या.

ती बाइक तिने लग्नाआधी घेतलेली. लाल, पुढून चोच काढलेली, दोन्ही बाजूंनी चकचकीत प्लास्टिकच्या कवचात बसवलेली. त्या कवचाला फेअरिंग म्हणतात. वारा कापायला असतं ते, पण खरं सांगायचं तर रुचिरा भाळली होती ती त्याच्या दिसण्यावर. लग्न होऊन ती बोरीवलीच्या या घरात आली तेव्हा सासूबाईंनी, रत्नप्रभाबाईंनी, सुनेसोबत गाडीलाही ओवाळलं होतं.

मग आरे कॉलनीतल्या गोठ्यांजवळच्या वळणावर रस्त्यावर शेण सांडलेलं होतं आणि मागचं चाक सटकलं. गाडी डाव्या कुशीवर पडली, रुचिराचा पाय तिच्याखाली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. त्याच आठवड्यात कळलं की तिला दिवस गेलेत. फुटक्या फेअरिंगची गाडी टेम्पोतून आली, कव्हराखाली गेली, ती गेलीच. रत्नप्रभाबाई तेव्हा एकदाच बोलल्या होत्या, "त्या गाडीन माझ्या घराक हात घातल्यान." त्यानंतर दसऱ्याला त्या राजेशच्या स्कूटरला झेंडूची माळ घालायच्या आणि बाजूच्या कव्हराकडे न बघता वर यायच्या.

सोमवारी दुपारी ऋतिका झोपल्यावर रुचिरा खाली गेली आणि तिने कव्हर ओढलं. डाव्या बाजूचं प्लास्टिक तडकलेलं, चोच दुभंगलेली, डावा इंडिकेटर नुसत्या वायरवर लोंबत होता. त्या मॉडेलचं फेअरिंग आता कंपनी बनवतच नाही, याची तिने फोन करकरून खात्री केलेली. नवं कवच मिळणार नाही, मग कवचच नको. लोक करतात तसं. फेअरिंग उतरवायचं, पुढे गोल दिवा लावायचा, गाडी उघडी ठेवायची. तिने वर जाऊन पान्यांचा डबा आणला.

"खंय चाललंस?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"खाली, आई. ऋतिका उठली तर हाक मारा."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि डाळ निवडत राहिल्या.

स्क्रू दिसतात तेवढेच नसतात हे रुचिराला पहिल्याच दुपारी कळलं. एक काढला की प्लास्टिक हलतं पण सुटत नाही, कारण आत कुठेतरी अजून एक दडलेला असतो. ती उकिडवी बसून मोबाइलच्या उजेडात चाचपायची. लहान बाळाचं घट्ट अंगडं डोक्यातून काढताना हात जसे आपोआप सावध होतात, तसे तिचे हात झाले. ओढायचं, पण फाडायचं नाही. दुसऱ्या दुपारी डावी बाजू कट्टकन सुटून तिच्या मांडीवर आली.

आणि ती बघतच राहिली.

एवढी वर्षं या गाडीवर बसली, पण हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिरक्या लोखंडी पिंजऱ्यात इंजिन टांगलेलं होतं. त्याच्या पोटातून निघालेली धुराची नळी तापून तापून निळी-जांभळी-सोनेरी झालेली, कबुतराच्या गळ्यासारखी. रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत आरेतलं एक वाळकं पान अजून अडकलेलं. आणि वरून, सगळ्यावरून, रंगीत वायरींचा जुडगा पसरत, फुटत, एकेका अवयवापाशी जाऊन टेकत होता. सोनोग्राफीच्या खोलीत काळ्या पडद्यावर पहिल्यांदा पाठीचा कणा दिसला होता, तेव्हाही ती अशीच मान पुढे काढून बघत राहिली होती. आपल्या इतक्या जवळ हे सगळं चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

"गे बाय माझ्ये!"

रुचिरा दचकली. मागे रत्नप्रभाबाई उभ्या, खांद्यावर नुकती उठलेली ऋतिका.

"ह्या सगळा आत होता?"

"हो आई."

"मगे झाकलेला कित्याक?" त्या दोन पावलं पुढे आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. "फणस सोलल्यावानी झाला बघ. वरसून काटे, आणि आत हे गरे!" मग आपण कोणाचं कौतुक करतोय हे लक्षात आल्यासारख्या मागे सरल्या. "दूध पिऊक होया तिका. चल वर."

पण पुढच्या दुपारी त्या चटई घेऊन आल्या. ऋतिकाला तिच्यावर बसवून, हातात लाकडी लाटणं देऊन, स्वतः खांबाला टेकून बसल्या. "वर उकडता," एवढंच म्हणाल्या.

पुढची चोच उतरवली तेव्हा खरी पंचाईत समोर आली. दिवा, आरसे, पुढचे इंडिकेटर, सगळं त्या फेअरिंगवरच बसवलेलं होतं. ते गेल्यावर वायरींचा सगळा पसारा उघडा पडला. रुचिराने वायर सोडवण्याआधी प्रत्येकीला ऋतिकाच्या दुधाच्या बाटल्यांवर लावायचे स्टिकर चिकटवले होते. हत्ती, ससे, बदकं. बदक म्हणजे हॉर्न, ससा म्हणजे डावा इंडिकेटर. बाजारातून आणलेला गोल दिवा तिने हँडलखालच्या दोन दांड्यांना पट्टी लावून बसवला, नवी बॅटरी घातली, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. पण त्या वायरी! कुठेही लोंबतात, हँडल वळवलं की अडकतात. प्लास्टिकचे बंद आवळले तर गाठोडं होतं.

"असा नाय," चटईवरून आवाज आला.

"काय असं नाही?"

"आवळतंस कित्याक? फुलाचो देठ असो आवळलंस तर तुटतलो. सरक."

मिलचा संप चालू होता तेव्हा रुचिराचे सासरे गुणाजी घरी बसले होते, आणि या बाईने लालबागच्या खोलीत गजरे आणि वेण्या वळून घर उभं ठेवलं होतं. रुचिराला ते ऐकून माहीत होतं, बघितलं नव्हतं कधी. आता बघितलं. रत्नप्रभाबाईंनी काळा मेणाचा दोरा मागितला, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, आणि वायरींचा एकेक पदर घेऊन गाठ, फिरकी, गाठ, फिरकी, अशा त्या चालत गेल्या. न बघता. बोटं पुढे आणि डोळे ऋतिकाकडे. जिथे वायर फुटायची तिथे त्या तिला हळूच बाहेर काढून द्यायच्या, जशी वेणीतून अबोली बाहेर काढतात. संध्याकाळपर्यंत तो पसारा इंजिनाच्या पिंजऱ्यावरून नदीसारखा वळत गेला होता. राजेश आला, बघून म्हणाला, "झकास! आई, तू गॅरेज टाक."

"तू गप. हात वर करणारो!"

रविवारी सकाळी टेम्पो गेटपाशी आला. जयंतीभाई, वॉचमन धोंडिराम, चार-दोन शेजारी, सगळे लादीच्या निमित्ताने जमलेले. एकेक गाडी बाहेर गेली. उरली ती लाल टाकीची, उघडी.

रुचिराने हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली. गोल दिवा लागला. "अरे वा!" कोणीतरी म्हणालं. तिने बटण दाबलं.

खर्र, खर्र, खर्र. इंजिन नुसतं घरघरलं. पेटलं नाही.

पुन्हा. पुन्हा. खर्रर्र थकत चाललं.

"बेन, बॅटरी जाईल ने," जयंतीभाई वाईट वाटून म्हणाले. "सोडा आता. छोकरीचं बघा. टेम्पोवाला उभा आहे."

"थांबा जरा, जयंतीभाई," राजेश म्हणाला. आवाज त्याच्या नेहमीच्यापेक्षा वरचा होता. रुचिराने चमकून बघितलं. "तिला बघू द्या. टेम्पोवाल्याला चहा मी पाजतो."

ती उतरून खाली बसली. हत्ती, ससे, बदकं, सगळे आपापल्या जागी. पेट्रोल आहे, करंट आहे. मग? तिचं बोट दोऱ्याच्या वेणीवरून सरकत गेलं, आणि एका ठिकाणी दोऱ्याखाली टणक लागलं. काळी, काड्यापेटीएवढी डबी. फेअरिंगच्या सांगाड्यावर स्क्रूने बसवलेली होती ती. सोडवताना तिने लोंबती ठेवलेली, आणि नंतर विसरली.

"आई, ही तुम्ही बांधलीत?"

"व्हय तर. मधीच उभी लोंबत होती, बरी दिसा नाय. आडवी घालून वेणीत घेतलंय." मग त्यांचा चेहरा बदलला. "कित्या? चुकला काय?"

रुचिराने दोरा सरकवला. डबीवर एक बाण कोरलेला होता, ही बाजू वर असा. बाण धोंडिरामच्या चपलांकडे बघत होता. आणि तिला कळलं. वाचलेलं होतं तिने कुठेतरी, आज हाताला लागलं.

"आई," ती हळू म्हणाली, "ही डबी गाडीला सांगते की आपण उभे आहोत का पडलोय. आडवी झाली की गाडीला वाटतं, मी पडले. मग ती इंजिन पेटूच देत नाही. चालू असेल तर बंद करते."

"आपणहून?"

"आपणहून. नाहीतर गाडी पडलेली आणि मागचं चाक फिरतंच, असं होईल. खाली पाय असला माणसाचा, तर…"

ती बोलता बोलता थांबली. आरेतलं ते वळण. ती रस्त्यावर आडवी, पाय गाडीखाली, हात ॲक्सिलरेटरवर तसाच पिळलेला. आणि तरीही सगळीकडे शांत. इतकं शांत, की गोठ्यातल्या म्हशीच्या रवंथाचा आवाज आला होता. तिला वाटलं होतं, गाडी मेली. साडीच्या दुकानातल्या बाहुलीसारखी रुचिरा तशीच पडून होती, आणि चाक तिच्या पोटरीला टेकून, गप्प, उभं होतं. पोटात ऋतिका होती तेव्हा, तांदळाच्या दाण्याएवढी.

रत्नप्रभाबाई तिच्याकडे बघत होत्या. म्हाताऱ्या बाईला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"त्या दिसा," त्या म्हणाल्या, "हिनाच गाडी बंद केल्यान?"

"हो."

"एवढ्याशान?"

"हो आई."

रत्नप्रभाबाई गुडघे धरत खाली बसल्या. ती डबी त्यांनी दोन बोटांत धरली, बाळाची हनुवटी धरतात तशी, आणि कितीतरी वेळ नुसती बघितली. "आणि मी हिका शिव्या घातलंय," त्या पुटपुटल्या. टेम्पोवाला, जयंतीभाई, शेजारी, सगळे ताटकळले होते. मग त्यांनी पदराच्या टोकाने डबीवरची धूळ पुसली. "दोरो दी. वर खंयची बाजू?"

"ही."

"सरळ धरून ऱ्हव. हलू नको हां."

गाठ, फिरकी, गाठ. या वेळी त्यांचे डोळे कुठेही गेले नाहीत. दोन्ही बाजूंनी पिंजऱ्याच्या नळीला ताणून, डबी अशी ताठ बांधली की हाताने हलवून हलेना. "आता बघ."

रुचिराने किल्ली बंद केली, परत फिरवली. आत कुठेतरी पेट्रोलचा पंप बारीक गुणगुणला. मघाशी हा आवाज आला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने बटण दाबलं.

खर्र. आणि मग ते पेटलं. पाय टेकलेल्या जमिनीतून, सीटमधून, मनगटातून तिच्यात चढलं. दोऱ्याच्या वेणीतली प्रत्येक वायर थरथरत होती आणि एकही सुटत नव्हती. राजेशच्या कडेवर ऋतिकाने दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि मग बोटांच्या फटीतून, तोंड उघडं टाकून बघायला लागली.

"जाऊ दे! जाऊ दे!" जयंतीभाईंनी स्वतःच गेटचा दुसरा पल्ला उघडला.

"सावकाश गो," रत्नप्रभाबाई ओरडल्या. गाडीला की सुनेला, कोण जाणे.

टेम्पोला वळसा घालून रुचिरा बाहेर आली. समोर आता लाल चोच नव्हती. टाकीच्या पुढे थेट चाक दिसत होतं, आणि चाकाखालून सरकणारा रस्ता, खडीचा दाणा अन् दाणा. वारा थेट छातीवर येत होता. गल्लीच्या टोकाला वाण्याचं दुकान अजून बंद होतं, सावलीतल्या त्याच्या शटरवर दिव्याचा पिवळा गोल पडला.

वळण आलं. तिने हँडल वळवलं.

तो गोल शटरवरून सरकला, भिंतीवर आला, भिंतीवरून पिंपळाच्या बुंध्यावर. पूर्वी दिवा फेअरिंगमध्ये बसलेला असायचा. हँडल कुठेही वळवा, तो नाकासमोर बघायचा. आता तो तिच्या हातांसोबत वळत होता. तिने हँडल जरासं उजवीकडे केलं, तो उजवीकडे. डावीकडे, तो डावीकडे. ती जिथे वळेल तिथे तो आधी जाऊन बघत होता.

घरी परत फिरायचा रस्ता डावीकडे होता. रुचिराने उजवीकडचं वळण घेतलं, फक्त ते बघायला.