लाल उतरला की पिवळा

हळदीची पिशवी लालासाहेबांनी नेहमीच्या जागी, मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी धुण्याच्या सोड्याचा पुडा. साताऱ्याची फुटबॉलची स्पर्धा जवळ आली की ही दोन पुडकी मोरीच्या कट्ट्यावर येत, आणि ती आली की त्यांच्या बायकोनं, सुलाबाईंनी, पदर खोचायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

सुलाबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं कपाभोवती नीट मिटत नव्हती.

"आवं," त्या म्हणाल्या, "औंदा राहू द्या की. दुकानातली जर्सी घालून गेलं तर चेंडू गोलात जायचा न्हाई का?"

"एवढं एक साल," लालासाहेब म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

हे शब्द सुलाबाईंच्या चांगल्या ओळखीचे होते. पाहुण्यासारखे दरसाल यायचे, पोटभर जेवून जायचे आणि पुढच्या साली पुन्हा दारात हजर.

लालासाहेब मूळचे म्हसवडकडचे. माळावर काही पिकेना म्हणून तरणेपणी सांगलीला आले आणि मार्केट यार्डात हळदीची पोती वाहू लागले. तिथले मुकादम अर्जुना पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पलटणीनं त्यांना फुटबॉलचा नाद लावला होता. सौदे आटोपले की ते गोदामांमागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकत, आणि दिवसभर पाठीवर पोतं वाहिलेली पोरं त्या चेंडूमागं अशी धावत, जशी आत्ताच झोपून उठली आहेत. त्यातून 'हळदपेठ' नावाचा क्लब उभा राहिला. गणवेश म्हणजे पांढरा सुती बनियन आणि पाठीवर रंगानं काढलेला आकडा.

साताऱ्याच्या मैदानावर पहिला सामना ठरला, तेव्हा सुलाबाई नुकत्याच लग्न होऊन सांगलीत आल्या होत्या. पोरं तेच बनियन घालून पोतीही वाहत असल्यामुळं सगळे बनियन पिवळेधमक झालेले. नवऱ्यानं गठ्ठा पुढ्यात टाकला आणि सांगितलं, "पांढरेशुभ्र झाले पायजेत." गावाकडं सुलाबाईंनी घोंगडी धुतली होती, धोतरं धुतली होती, हळदीत भिजलेलं कापड कधी धुतलं नव्हतं. डाग मोठा तर सोडाही मोठा, अशा हिशेबानं त्यांनी ओंजळ भरून सोडा टाकला, आणि बनियन बघता बघता कुंकवासारखे लाल झाले. हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकूसुद्धा तसंच होतं. पण घाबरलेल्या नव्या नवरीला ते कुठलं सुचायला? खळबळून काढावेत म्हणून नळाकडं धावल्या, तर नळाचं पाणी गेलेलं. शेवटी तसेच पिळून दोरीवर टाकले आणि आता नवरा माहेरी धाडणार म्हणून चुलीपुढं रडत बसल्या.

दुसरे कपडे नव्हतेच. पोरं तेच लाल बनियन घालून उतरली. धावून धावून घाम फुटला तसा बनियनमधला खार मरत गेला, आणि मध्यंतरानंतर बघतात तो लाल संघ पिवळा झालेला. समोरच्यांनी ओरडा केला की यांनी माणसं बदलली. पंच आला, एकेकाचं तोंड न्याहाळून गेला. या गोंधळातच हळदपेठनं गोल मारला आणि सामना जिंकला.

तेव्हापासून हळदपेठचा रंग लाल-पिवळा. एरवी पोरं दुकानातली अर्धी लाल, अर्धी पिवळी जर्सी घालत. पण साताऱ्याला जायचं म्हटलं की सुती बनियनच निघत. ते हळदीत बुडवायचे, वाळवायचे, सोड्यात लाल करायचे आणि न खळबळता दोरीवर टाकायचे. चूक माणूस एकदा करतो आणि विसरून जातो. सुलाबाईंना ती दरसाल, जशीच्या तशी, पुन्हा करावी लागे. जिंकले तर रंगामुळं जिंकले. हरले तर सुलाबाईंचा सोडा कमी पडला.

क्लबच्या वाढदिवसाला लालासाहेब माइक धरून सांगत, "लाल म्हंजे आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाचा गुलाल, आन् पिवळा म्हंजे सांगलीची हळद!" टाळ्या पडत. मागं बायकांच्यात बसलेल्या सुलाबाईंना तो कोरडा नळ आठवे. सोड्यानं त्यांची बोटं चिरत, नखांतला पिवळेपणा महिना महिना जात नसे. कुणाच्या लग्नाला गेल्या तर बायका हात बघून विचारत, "सुलाबाई, या वयात पुन्हा हळद लागली व्हय?" त्याही हसत. हसणं सोपं होतं.

आता बोटांतही ताकद राहिली नव्हती. कपडा पिळायला गेलं की मनगटातून कळ खांद्यापर्यंत जाई. सून पल्लवीला ते दिसत होतं.

"आत्या, सरा तुमी. मी करते," ती म्हणाली.

"अजिबात न्हाई."

"का? एवढं काय अवघड हाय त्यात?"

"अवघड न्हाई म्हणूनच," सुलाबाई म्हणाल्या. "एकदा हात घातलास की तुझ्या गळ्यात पडंल. मग तू म्हातारी हुस्तवर सुटका न्हाई. माझ्यासंगंच संपू दे."

पण संपणार कसं, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हळद कालवली, बनियन बुडवले, वाळवले. दुसऱ्या दिवशी सोड्याचं पाणी केलं. बनियन लाल झाले. ते पिळायला घेतले आणि दोन-तीन पिळून झाल्यावर बोटं उघडेचनात. त्या तशाच पाटावर बसून राहिल्या. शेजारी नळ चालू होता. चांगली मनगटाएवढी धार पडत होती. आता पाणी कधी जात नसे. घरावर टाकी बसवून कितीतरी वर्षं झाली होती.

सुलाबाईंनी टब नळाखाली सरकवला.

लाल पाणी वाहून गेलं. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. बनियन पिवळे झाले, मग फिके पिवळे. त्यांनी ते न पिळताच दोरीवर टाकले. खाली थेंब गळत राहिले.

संध्याकाळी लालासाहेबांनी दोरी पाहिली आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे काय केलंस गं?"

"धुतले."

"धुतले? अगं, लाल कुठं हाय? उद्या सकाळी टेंपो निघायचा! पोरास्नी काय सांगू मी?"

"त्या दिशी पाणी गेलं हुतं, म्हणून लाल ऱ्हायलं. आज पाणी हाय."

लालासाहेब दोरीखाली उभे राहून एकेक बनियन चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "हरलो तर तुझ्यावर येणार, सुले. मी न्हाई म्हणत, पोरं म्हणत्याल."

"कवा आलं न्हाई?" सुलाबाई म्हणाल्या.

तरी ते वाक्य त्यांना लागलं. कारण खरं होतं. हे पिवळे बनियन घालून हळदपेठ हरली, तर पुढच्या साली दोन पुडकी आधीच येतील आणि सोड्याची ओंजळ डोळ्यांत तेल घालून मोजली जाईल. जिंकली, तर मात्र सिद्ध होईल की लाल रंगात काही नव्हतं. मग टब पालथा घालून माळ्यावर टाकता येईल. फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हळदपेठ जिंकायला हवी होती.

सामन्याच्या दिवशी क्लबचं कुणीतरी साताऱ्याहून मोबाइलवर खेळ दाखवत होतं. पल्लवीनं फोन डब्याला टेकवून ठेवला. चित्र हलत होतं. माणसं मुंगीएवढी. पिवळे ठिपके इकडून तिकडे पळत होते. गोलात काळा शर्ट घालून उभा होता तो जयराज, पल्लवीचा मुलगा.

मध्यंतर झालं. पिवळे पिवळेच राहिले.

"आत्या, बरोबरी हाय," पल्लवी म्हणाली.

"म्हंजे हरलं का जिंकलं?"

"अजून काहीच न्हाई."

तसंच शेवटपर्यंत काहीच झालं नाही आणि पेनल्टीवर आलं. सुलाबाईंनी फोनकडं पाठ केली. पल्लवीचे शब्द तेवढे ऐकू येत होते. गेला. त्यांचाबी गेला. आपला गेला. मग ती इतक्या मोठ्यानं किंचाळली की डब्याला टेकवलेला फोनच पडला.

"अडवला! आत्या, जयराजनं अडवला! जिंकलो!"

सुलाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. नातवाचं कौतुक त्यांना वाटलं, पण ते मागून, सावकाश आलं. आधी आठवला तो टब.

दिवेलागणीच्या आधी टेंपो दारात आला. पोरं गुलालात न्हाऊन निघाली होती. कप्तान उदयसिंहनं बनियनांचं गाठोडं आणून मोरीत ठेवलं आणि वाकून सुलाबाईंच्या पाया पडला.

"आज्जी, मानलं तुमाला! आता ठरलं. दरसाल असंच. आधी लाल करायचं, मग चांगलं खळबळून पिवळं. पर तुमच्याच हातानं हां. तुमच्या हाताला गुण हाय."

सुलाबाईंची नजर मोरीतल्या गाठोड्यावर गेली.

लालासाहेबांचा आवाज आनंदानं चिरकला होता. त्यांनी गाठोड्यातला एक बनियन वर धरला. फिक्या पिवळ्यावर गुलालाचे पट्टे उमटले होते. "आन् लालबी हाय की! बघ, बघ. आपुन काढला तर सिद्धनाथानं वरनं टाकला!"

"सिद्धनाथानं टाकला न्हवं?" सुलाबाई म्हणाल्या. "मग धुवायलाबी त्यालाच बोलवा."

पोरं खदाखदा हसली. "आज्जी लय भारी!" कुणीतरी म्हणालं. जयराजही हसला, पण आजीचं तोंड पाहून मध्येच थांबला. सुलाबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गाठोडं मोरीत तसंच होतं. लालासाहेब दोनदा ते ओलांडून गेले. तिसऱ्यांदा थांबले, खाकरले, पुन्हा गेले. पल्लवी उचलायला वाकली तशी सुलाबाईंनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. ती भाजी निवडायला बसली. जयराज तालमीला गेला होता. ऊन मोरीच्या भिंतीवर आलं. गाठोड्याला वास यायला लागला.

शेवटी लालासाहेबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाटावर बसले. बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो सुलाबाईंनी आजवर फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता. त्यांनी बनियन टबात सोडले, पाणी घातलं, सोड्याचा पुडा फोडला आणि अडले.

"सुले," ते मान न वळवता म्हणाले, "सोडा किती घालायचा गं?"

सुलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. कप दोन्ही तळव्यांत धरला की बोटं मिटावी लागत नाहीत, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"मला तरी त्या दिशी कुठं ठावं हुतं?" त्या म्हणाल्या.

लालासाहेबांनी ओंजळ भरून सोडा टबात टाकला. पाणी लाल व्हायला लागलं, भराभर, त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त लाल, तसे ते दचकून उठायला गेले आणि "अगं, हे बघ की!" म्हणून वळले.

सुलाबाईंनी चौकटीला डोकं टेकून डोळे मिटले होते.