तापातलं रक्त

रक्ताचा थेंब ताजा असतानाच काचेखाली पाहावा. वाळवलेल्या थेंबात घोड्यांना तापानं झिजवणाऱ्या सर्‍याचा जंतू निपचित पडलेला असतो, पुस्तकातल्या चित्रासारखा. ताज्या थेंबात तो आधी दिसतच नाही. शांत बसलेल्या तांबड्या पेशी एकाएकी हलायला लागतात, जत्रेत कुणीतरी कोपरानं वाट काढत यावं तशा. मग समजायचं, स्वारी आली.

हे मला कुणी विचारत नसे. एकतीस साली मी सात रस्त्याजवळच्या एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात मायक्रोस्कोपपाशी बसायचो. आमचे डॉक्टर गंगाधर आज करकंबला, तर उद्या मोडनिंबला. दवाखान्यात असले तरी माझ्याकडून 'आहे' की 'नाही' एवढंच ऐकायचे. बायको इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली होती. मागच्या खोलीत मी एकटाच राहत होतो. रविवारी दिवसभरात तोंडातून एक शब्द निघत नसे, आणि सोमवारी सकाळी स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

भाद्रपदात बिरप्पा टांगेवाला आपली चंद्री घोडी घेऊन आला.

"पंत, पोटभर खातीया, पन वाळत चाललीया. मदीच ताप भरतो, मंग उतरतो."

लक्षणं सर्‍याचीच होती. ताप पाहिला, नव्हता. कानाचा थेंब घेतला, काच स्वच्छ निघाली. चार दिवसांनी पुन्हा आण म्हणालो. चहा झालेला होताच, म्हणून त्यालाही कपभर दिला. त्यानं सहज विचारलं, "हुडकताय तरी काय?" आणि मी सुटलोच.

सांगितलं की तो एकाच पेशीचा जीव. हात नाहीत, पाय नाहीत, तोंडसुद्धा नाही. सगळा कारभार एका दोरीवर. अंगाच्या मागच्या टोकाजवळ एक ठिपका असतो, तिथून ती दोरी निघते आणि कडेकडेनं पुढे जाते. जाताना अंगाची पातळ पापुद्र्यासारखी झालर ओढून धरते, लुगड्याच्या निऱ्या असाव्यात तशी. पुढच्या टोकाशी ती सुटी होते. दोरी वळवळली की झालर लहरते आणि आख्खा जीव पुढे सरकतो. लोक तिला शेपटी म्हणतात. शेपटी कसली, ती तर पुढे असते!

"चाबूक म्हना की," बिरप्पा म्हणाला. "पन आमी चाबूक मागनं मारतो. ह्येचा चाबूक फुडनं वडतोय."

दवाखान्यातल्या अकरा वर्षांत इतकं नेमकं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

तो चार दिवसांनी आला, पुन्हा चार दिवसांनी आला. घोडी दर वेळी थंडगार, काच दर वेळी स्वच्छ. मी दर वेळी नवीन काहीतरी सांगायचो, गोमाशी हा जंतू एका घोड्याकडून दुसऱ्याकडे कशी नेते ते, आणि तो बशीत चहा ओतून ऐकायचा. त्याच्या येण्याच्या दिवशी मी दूध जास्त घ्यायला लागलो.

चौथ्या खेपेला चंद्रीच्या पोटाखाली सूज होती. मागचे पाय लटपटत होते. थेंब काढताना बिरप्पा म्हणाला, "तापात रगत काडू नये म्हन्तात. आमच्यात कुनी काडत न्हाय. म्हनून ताप उतरला की मंगच आनतो."

माझा हात थांबला. हा जंतू तापातच रक्तात गर्दी करतो. ताप उतरला की शोधूनही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप चढल्यावर मी स्वतः टांग्याच्या अड्ड्यावर गेलो आणि त्याची समजूत घालून थेंब आणला. काच नुसती खवळली होती. डॉक्टर आले, घोडी चालवून पाहिली आणि म्हणाले, "टोचायचं औषध आहे, पण आता उपयोग नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी कळलं असतं तर वाचली असती. ताप असताना आणायची नाही का रे?"

संध्याकाळी चंद्रीला गोळी घातली. बिरप्पा रिकामा लगाम हातात घेऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसला.

"चूक माजीच की," तो म्हणाला. "तुमी तर लई केलं, पंत. चार-चार येळा बघितलंसा."

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ते आभार माझ्याच्यानं गिळवेनात.

"तुझी नाही," मी म्हणालो. "ताप नसताना काही दिसायचं नाही, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तापात आण, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर एका खेपेत काम उरकलं असतं. मग तू पुन्हा कशाला आला असतास?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. मग लगाम खांद्यावर टाकून उठला.

"नुसतं ये म्हनायचं हुतं की, पंत," तो म्हणाला. "मी आलो असतो."