न आलेल्यांच्या ओळी

सकाळपासून माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. स्मृतिभ्रंशावर संशोधन करायला निघालेले आम्ही नवे शास्त्रज्ञ, डेटा सायन्स शिकायला एका कोंदट खोलीत बसलो होतो आणि दादाचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटी दाराबाहेर जाऊन घेतला.

“बाबा अडून बसलेत. चाचणीला येत नाही म्हणतात. रद्द करू का?”

बाबांच्या स्मरणशक्तीची ही दुसरी चाचणी. गेल्या वर्षी पहिली झाली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, काहीतरी सुरू झालंय असं वाटतं, पुढच्या वेळी नक्की कळेल. ते नक्की कळण्याचीच मला धास्ती होती.

“कर रद्द,” मी म्हटलं. “उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.”

आत येऊन कामाला लागले. पडद्यावर शेकडो म्हाताऱ्या माणसांचा तक्ता होता. एका माणसाची एक ओळ, त्यात दरवर्षीचे गुण. कित्येक ओळी अर्ध्यातच रिकाम्या. मला अर्धवट काही बघवत नाही. त्या सगळ्या उडवल्या, आलेख काढला आणि दाखवला.

वर्गात खसखस पिकली. माझ्या आलेखात स्मरणशक्ती वयाबरोबर वाढत चालली होती.

“वा! रोगच पळवून लावलास की,” शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. आम्ही त्यांना मागून ‘चाळणी’ म्हणायचो, कारण त्यांच्या नजरेतून खडा सुटत नसे. “कोणाला काढलंस?”

“जे पुढच्या चाचणीला आलेच नाहीत त्यांना.”

“का नाही आले?”

“ते तक्त्यात कुठे लिहिलंय?” मी तोऱ्यात म्हटलं.

“त्यांचे शेवटचे गुण बघ.”

बघितले. बहुतेकांचे घसरलेले. ज्यांना आठवत होतं ते दरवर्षी टुणटुणीत येऊन बसले होते. ज्यांचं निसटत होतं ते घरी राहिले होते, आणि मी नेमकं त्यांनाच केरात काढलं होतं. मॅडमना काही न सांगता बाहेर पळाले आणि दादाला फोन लावला.

“केली रद्द,” दादा म्हणाला. “तूच म्हणालीस ना?”

दवाखान्यात फोन लावला, गयावया केली. संध्याकाळच्या आत आणा, म्हणाले. घरी जाताना रिक्षा प्रत्येक सिग्नलला अडत होती आणि मी त्या बिचाऱ्या चालकावर उगाच चिडत होते.

“सुटलो बुवा!” मला बघून बाबा खुर्चीतून हसले.

“चला बाबा.”

“मी ठणठणीत आहे.”

“मग घाबरता कशाला?” मी ओरडलेच. दादाने डोळे वटारले.

बाबांचं हसू गेलं. “मागच्या वेळी चाचणी घेणाऱ्या त्या मुलीने घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काटे कुठे काढायचे तेच सुचेना. चष्मा विसरलो म्हणून वेळ मारून नेली. चष्मा डोळ्यांवरच होता.”

मला रडू आलं. “मीही घाबरलेय बाबा. म्हणून तर रद्द करायला सांगितलं. चुकलं माझं. काही नाही आलं तर कागद कोरा द्या, पण चला.”

ते उठून बूट घालू लागले.

“तू आत बसशील ना?”

“बसेन.”

बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कॉपी करणाऱ्या पोराला कधी सोडलं नाही. जिन्यात थांबून त्यांनी दादा ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, “एखादं अडलं तर सांगशील?”