आग विझलेला ड्रॅगन

कापसाच्या सीझनमध्ये माणसासाठी जिन थांबवत नाहीत. कुणाला चक्कर आली, कुणाचं बोट आत सापडलं, तर त्याला बाजूला घेतात आणि मशीन चालूच राहतं. म्हणून त्या दिवशी मॅनेजरनं स्वतः येऊन खटका पाडला आणि शेडमधला आवाज एकदम खाली बसला, तेव्हा रंगनाथनं हातातला पाना जमिनीवर ठेवला. मॅनेजर काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "कोण?"

"तुझी मंडळी. अंगणवाडीत पडली. परभणीला न्यायलेत."

पडलेलं माणूस उठतं, एवढंच धरून रंगनाथ सेलूहून परभणीपर्यंत जीपमध्ये बसला. डोक्याला, भुवयांना, मिशीला रुई तशीच चिकटलेली होती. दवाखान्याच्या दारात एका बाईनं त्याला आजोबा म्हणून वाट दिली. आत डॉक्टर म्हणाले की डोक्यातली शीर फुटली, वाटेतच सगळं संपलं होतं. लेकरांना खिचडी वाढता वाढता धम्मशीला खाली बसली ती बसलीच. पळी हातातच होती म्हणे.

पुण्यानुमोदनाला सगळा गोतावळा जमला. जो तो म्हणत होता, चांगलं माणूस टिकत नाही. रंगनाथला या वाक्याचा राग यायला लागला. न टिकायला तिनं काय केलं होतं? आणि समोर बसून लाडू खाणारे हे सगळे टिकले, ते काय म्हणून?

पोरीचं पाचवं वर्ष सरत आलेलं. संघप्रिया. तिला रडायचं कधी आणि खेळायचं कधी, याचा मेळ लागत नव्हता. पण एक गोष्ट तिनं पक्की धरली होती. थंडी कमी झाली की तिचा वाढदिवस यायचा आणि तो ड्रॅगनचा व्हायचा. मम्मीनं तसं कबूल केलं होतं. केकवर ड्रॅगन, दारात ड्रॅगन, आणि गोष्टीचा शेवट.

"कोणत्या गोष्टीचा?" रंगनाथनं विचारलं.

"ड्रॅगनच्या. त्याची आग इझली ना. ती परत कशी येती ते मम्मी बड्डेला सांगणार व्हती."

रंगनाथला गोष्ट माहीत नव्हती. रात्रपाळीहून तो यायचा तेव्हा मायलेकी झोपलेल्या असायच्या, दिवसपाळीला तो जेवून लवंडायचा. भिंतीपलीकडं धम्मशीलेचा आवाज चालू असायचा आणि त्या आवाजावर त्याला झोप लागायची. आवाज आठवत होता. शब्द एकही नाही.

त्यानं ठरवलं की पोरीचा वाढदिवस करायचा. त्याला वाटलं, थोरली बहीण सुलाबाई आडवी येईल. माणूस जाऊन वरीस झालं न्हाई अन् बड्डे कसले करायलास, म्हणेल. धम्मशीला गेल्यापासून तीच झरीहून येऊन जाऊन घर बघत होती. पण अक्का लगेच हो म्हणाली. उलट म्हणाली, चांगला दणक्यात कर, चार माणसं बोलाव, लेकराला बरं वाटंल. जेवणाचं ती बघणार होती. रंगनाथला बरं वाटलं. आपण बहिणीला उगाच कडू समजत होतो, असंही वाटलं.

मग एक दिवस सुट्टी घेऊन तो अंगणवाडीत गेला. मदतनीस बायनाबाई चटया झटकत होती. नवी सेविका अजून आली नव्हती. भिंतीवर धम्मशीलेनं काढलेली चित्रं होती, मोर, बैल, पाण्याची टाकी. टाकीतून एक हिरवं डोकं वर आलेलं होतं.

"हाच तो," बायनाबाई म्हणाली. "मोबाइलवर कायतरी बघितलं पोरांनी, अन् मॅडमनी त्याला इथंच आणून बसवला. आपल्या टाकीत."

रंगनाथ खाली बसला आणि त्यानं पोरांना गोष्ट विचारली. सगळी एकदम बोलायला लागली. ड्रॅगन टाकीत राहायचा. लोक आधी भ्यायचे. मग तो सगळ्या गल्लीला हुरडा भाजून द्यायला लागला, एका फुंकरीत पोतंभर कणसं. चहावाला त्याला गिऱ्हाइकाच्या आधी चहा द्यायचा. मग एक दिवस त्यानं फुंकर मारली आणि नुसता वारा आला.

"कामून इझली?"

"लय सर्दी झाली त्याला."

"न्हाई, टाकीतलं पाणी पेला सगळं."

"रडला म्हून इझली," एक पोरगी म्हणाली, आणि बाकीची म्हणाली की तसं नव्हतं.

"अन् मग परत कशी आली?"

ते पोरांना ठाऊक नव्हतं. एकानं पुढचं जुळवायला घेतलं, त्यात पोलीस आले, जेसीबी आला, आणि बाकीच्यांनीच त्याला खोटारडा ठरवून खाली बसवलं.

"मीबी इचारलं व्हतं, भाऊ," बायनाबाई म्हणाली. "म्हणलं, मला तर सांगा, मी काय लेकरू हाय का? तर हासल्या. म्हणल्या, संघूच्या बड्डेला या." ती चटई घेऊन उठली. "त्यांना तरी ठाऊक व्हतं का न्हाई, कुणाला माहीत. रोजचं रोज जुळवायच्या त्या."

हे शेवटचं रंगनाथच्या डोक्यात आलंच नव्हतं. घरी जाताना तो सायकल हातात धरून चालतच गेला.

बाजारात त्यानं बॅनर छापायला टाकला. फ्लेक्सवाल्या पोरानं कॉम्प्युटरवर ड्रॅगन काढून दाखवला. निम्म्या बॅनरभर त्याच्या तोंडातली आग होती.

"आग काढून टाक," रंगनाथ म्हणाला.

"काका, आग काढली तर पाल दिसंल."

"दिसू दे. आग नको."

बरं म्हणून पोरानं मान हलवली. वाढदिवसाच्या सकाळी बॅनर हातात आला तेव्हा आग होती तशीच होती, वर दोन ठिणग्या जास्तीच्या. दुसरा काढायला वेळ नव्हता. अक्का म्हणाली, राहू दे, किती झकास दिसायलाय, लेकराला काय कळतंय. आणि तिनंच माणूस चढवून तो दारात बांधून घेतला.

संध्याकाळी खुर्च्या मांडल्या. अंगणवाडीची पोरं आली, गल्लीतली आली. मग एक गाडी थांबली. तीतून झरीचे एक म्हातारे गुरुजी, त्यांची बायको आणि एक तिशीतली बाई उतरली. अंगावर कोऱ्या घडीची साडी, हातात बाहुलीचा खोका. अक्का लगबगीनं पुढं झाली. "ही अर्पिता," तिनं ओळख करून दिली. "आपल्या गुरुजींची लेक."

अर्पिताला नवऱ्यानं टाकलेलं होतं, हे रंगनाथ झरीत ऐकून होता. गुरुजींनी घराकडं बघितलं, छताकडं बघितलं, मग विचारलं, जिनिंगमध्ये कायम आहात की सीझनपुरते? त्या एका प्रश्नानं रंगनाथला सगळं उमगलं. अक्का लगेच हो का म्हणाली, तेही.

तो आत गेला. अक्का मसालेभात ढवळत होती.

"पोरीच्या बड्डेला माणसं बोलावली मी," तो म्हणाला. "मला दाखवायला न्हाई."

अक्कानं झारा ठेवला नाही. "मग मी किती दिस येऊ जाऊ? माझ्या घरी माझी सून तोंड वाकडं करायलीय. तू पाळीवर गेल्यावर पोरीची येणीफणी कोण करील, तू? ती गेली, तिचं सुटलं. मागं राहिलेल्याला भाकर लागती, रंगा."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच त्याला ते सोसलं नाही. तो तसाच बाहेर आला.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. शेजारी धम्मशीलेचा फोटो होता, अंगणवाडीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मग हिरव्या क्रीमचा केक टेबलावर आला. अक्कानं संघूला खुर्चीवर उभं केलं आणि अर्पिताला तिच्या मागं. "धर तिचा हात," ती म्हणाली. "मावशीसंगं काप, बाळा."

संघूनं सुरी धरली नाही. ती दाराकडं बघत होती.

"हा आपला न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्या तोंडात आग हाय."

"आग हाय तर चांगलंच की," अक्का म्हणाली.

"आपल्याची इझलीय. गोष्ट सांगितल्याबिगर येत न्हाई."

अंगणवाडीची पोरंही बोलायला लागली, हो, इझलीय, हा दुसराच हाय. मोठी माणसं हसली. अक्का हसली नाही. तिनं अर्पिताच्या पाठीला हलकेच हात लावला. "मावशी सांगंल गोष्ट. शिकलेली हाय मावशी. सांग गं."

सगळे अर्पिताकडं बघायला लागले. तिनं एकदा फोटोकडं बघितलं. मग बाहुलीचा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला येत नाही ती. ती तुझ्या मम्मीची आहे."

गुरुजींच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. अर्पिता दोन पावलं मागं सरकून पोरांच्या रांगेत उभी राहिली. त्या सगळ्या गर्दीत रंगनाथला तिचा एकटीचाच राग आला नाही.

त्यानं शिवणाच्या मशीनच्या खणातून धम्मशीलेची कात्री घेतली, खुर्ची ओढून दारात नेली आणि बॅनर कापायला लागला. फ्लेक्स जाड होता, कात्री कापडाची. वेळ लागला. अक्का एवढंच म्हणाली, "पैशाची माती," आणि आत गेली. जबड्यापासून पुढचं सगळं गळून खाली पडलं तेव्हा ड्रॅगनच्या तोंडापुढं भलं मोठं भोक राहिलं आणि त्यातून गल्ली दिसायला लागली, खांबावरचा दिवा, उभी मोटारसायकल.

फ्लेक्सवाल्याचं खरं होतं. पाल दिसत होती.

"आता आपला," संघू म्हणाली. तिनं केक कापला, पहिला तुकडा मम्मीच्या फोटोपुढं ठेवला आणि तशीच येऊन बापाच्या मांडीवर बसली. "आता सांग."

पोरं जवळ सरकली. रंगनाथनं सांगायला सुरुवात केली. टाकी सांगितली, हुरडा सांगितला, चहावाला सांगितला. कुठं चुकला तर पोरं सांभाळून घेत होती. मग ड्रॅगननं फुंकर मारली आणि नुसता वारा आला, इथपर्यंत तो आला.

"मग?" संघू म्हणाली.

काहीही सांगता आलं असतं. सूर्याकडून आग मागून आणली, आगपेटी लावली. पाच वर्षांच्या पोरीला काय, असं अक्का म्हणालीच असती. पण त्या गोष्टीतलं तेवढंच एक धम्मशीलेनं स्वतःपाशी ठेवलं होतं. तिथं आपलं काहीतरी कोंबायला त्याची जीभ उचलेना.

"मला इथपर्यंतच येती, बाळा," तो म्हणाला.

संघूनं थोडा वेळ वाट बघितली. मग उतरून पोरांत गेली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या गेल्या, मोठी पातेली गेली. अक्का सकाळच्या बसनं झरीला गेली. जाताना डबा भरून ठेवला, पण रंगनाथशी बोलली नाही. बाहुली खोक्यातच होती. बॅनर संघू काढू देईना, म्हणून तो दारातच राहिला. वारा आला की भोकाच्या कडा फडफडतात. संघू शेजारपाजारच्यांना सांगते की हा आमचा ड्रॅगन, याची आग विझलीय.

ती परत कशी आली, ते सांगायचं राहिलंय.