नखाएवढी पलटण

मी शिशाचा एक ठोकळा बोलतोय. आकाराने तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा, रंगाने निळा. पण तेवढ्यावरून मला मोजू नका. प्रशियाच्या फौजेत माझा अर्थ होता एक अख्खी पलटण : आठशे शिपाई, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्या तितक्याच आया.

बर्लिनच्या एका ओताऱ्याने मला साच्यात ओतलं, त्याच्या बायकोने रंगवलं. निळ्या-तांबड्या भावंडांबरोबर पेटीत बसून मी ग्रेफनाऊच्या छावणीत आलो. हिवाळ्यात दर बुधवारी तिथले अधिकारी क्लबात जमत आणि नकाशावर लढाईचा खेळ मांडत. निळ्यांचा सेनापती एका खोलीत, तांबड्यांचा दुसऱ्या. दोघे हुकूम चिठ्ठीवर लिहून मधल्या खोलीत पाठवत. तिथे पंच बसे. तो आम्हाला सरकवी, फासा टाकी आणि कोण जगलं, कोण मेलं ते सांगे. पंचाचा निकाल जनरलनेही मानायचा, असा नियम होता.

नियम फार छान होता. पण एखाद्या बड्या साहेबाच्या हुकमाने मी दरीत कोसळलो, की फासा नेमका टेबलाखाली पडे आणि पुन्हा टाकला जाई. साहेब जिंकत. सगळे हसत हसत जेवायला जात. मी शिशाचा, तरी मला लाज वाटे. यांना का वाटत नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मग एका जानेवारीत लेफ्टनंट गॉटफ्रीड लेन्झ पंच झाला. हा पाद्र्याचा मुलगा. नावात सरदार घराण्याचं ‘फॉन’ नाही, पाठीशी जहागीर नाही. औषधवाल्याची मुलगी ओतिली त्याच्यासाठी थांबली होती. पण लेफ्टनंटच्या पगारावर फौज लग्नाची परवानगी देत नसे. कॅप्टन व्हायला हवं होतं. आणि ते अवलंबून होतं कर्नल फॉन ड्रेनविट्झ यांच्या शेऱ्यावर. तो शेरा त्याच आठवड्यात बर्लिनला जायचा होता.

त्या बुधवारी निळ्यांचे सेनापती कर्नलच होते. त्यांची चिठ्ठी आली : पलटण एल्सब्रुखच्या दलदलीतून सरळ पुढे न्यावी, थंडीने ती गोठलेली आहे.

लेन्झचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

“सरकव रे,” चिठ्ठी घेऊन आलेला त्याचा मित्र डीट्लोफ म्हणाला. “शिसं भिजत नाही.”

“मागच्या हिवाळ्यात तिथे आपली पावाची गाडी बुडाली. खाली झरे आहेत, बर्फ धरत नाही.”

“मागच्या हिवाळ्यात कर्नलसाहेब बर्लिनला नाचत होते. त्यांना कुठलं ठाऊक?”

“म्हणूनच सांगायला हवं.”

“सांग, सांग. ओतिलीच्या बापाने तिला मागणी घालणाऱ्या मिठाच्या व्यापाऱ्याला रविवारी जेवायला बोलावलंय. तू इथे झरे मोजत बस.”

लेन्झने मला उचललं आणि मेलेल्यांच्या थाळीत ठेवलं.

निकाल कळताच कर्नल स्वतः आत आले.

“माझी पलटण कुठे आहे?”

“बुडाली, कर्नलसाहेब.”

“ऐन जानेवारीत?”

“हो साहेब.”

“लेन्झ, तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी घोड्यावर बसतोय.”

“घोडाही बुडेल, साहेब.”

कुणीतरी उगीचच खोकलं. कर्नलचे कान लाल झाले. “उद्या सकाळी सगळे एल्सब्रुखला. मी पलीकडे जाऊन दाखवतो. मग बसून तुमचा शेरा लिहितो.”

सकाळी लेन्झने मला कोटाच्या खिशात टाकलं. त्याचं काळीज किती धडधडतंय, ते मला तिथे कळलं. औषधाच्या दुकानापाशी ओतिली उभी होती.

“तोंड असं का?”

“काल कर्नलची पलटण बुडवली.”

“खरीखुरी?”

“नाही, खेळातली.”

“आणि दलदल? ती खरंच गोठत नाही?”

“नाही.”

“मग जा. उगाच उशीर कशाला करतोस?”

दलदलीच्या काठाशी कर्नलचा घोडा अडला. घोड्याला कळत होतं. कर्नलनी टाच मारली. बर्फ थोडा वेळ टिकला, मग कडाडला. घोडा पोटापर्यंत गेला, कर्नल कमरेपर्यंत. लेन्झने पहाटेच फळ्या आणि दोर आणवून ठेवले होते. फळीवर पालथा पडून सर्वांत आधी तोच पुढे सरकला. मी खिशात, गार चिखलाला चिकटून. कर्नल बाहेर निघाले, घोडाही.

“फळ्या आधीच आणल्या होत्या?” मिशीतला चिखल पुसत कर्नलनी विचारलं. “म्हणजे मी बुडणार याची खात्री होती.”

“बुडू नये याची काळजी होती, साहेब.”

कर्नलनी फुटलेल्या बर्फाकडे पाहिलं. “माझ्या मागून पलटण आली असती,” ते हळूच म्हणाले. मग ते वळले. “काय लिहू तुमच्याबद्दल? वरिष्ठांना तापदायक?”

“खरं असेल ते लिहा, साहेब.”

“तेच लिहितो. तापदायक आहे. कॅप्टन करून कंपनी द्यावी.”

वसंतात कॅप्टन लेन्झचं लग्न झालं. पुढे दोन लढाया झाल्या. खऱ्या मैदानावरून उचललेली माणसं पुढच्या बुधवारी पेटीतून परत येत नाहीत, हे त्याने मला खिशात ठेवून दाखवलं. म्हणून मेजर झाल्यावर युद्धशाळेत शिकवताना त्याने एक रीत घातली : ठोकळा सरकवण्याआधी आपल्या हाताखालच्या एका शिपायाचं नाव आणि गाव सांगायचं.

लेन्झ आता नाही. माझा निळा रंग कडांवरून उडालाय. पण रीत चालू आहे. आज एका तरण्या लेफ्टनंटने ऐटीत माझ्यावर बोट ठेवलं पण शिपायाचं नाव विचारल्यावर त्याला एकही सांगता येईना. बाकीचे कुरकुरले, “अरे, सांग काहीतरी.” त्याने बोट उचललं, टोपी घातली आणि शिपायांच्या बराकीकडे चालू लागला.

तो अजून परतलेला नाही. खेळ खोळंबलाय. मी नकाशावर आनंदाने थांबलोय. तुमच्याही बोटाखाली कधी माणसं आली, तर थोडं थांबा.