झाकणाखालची हवा

मी टाकी बोलतेय. गच्चीवरची काळी प्लास्टिकची नव्हे. मी पोलादाची, आणि राहते एका बोटीच्या पुढच्या टोकाला, डेकच्या खाली. बोटीचं नाव 'लॅपविंग', म्हणजे टिटवी. आगगाडीचा डबा कालव्यात सोडावा तशी लांब आणि अरुंद. माझा तळ तोच बोटीचा तळ. माझ्या आत पिण्याचं पाणी, माझ्याखाली कालव्याचं. मला बोलायला वेळ थोडा आहे. वर माझा मालक आयव्हर पाना घेऊन बसलाय आणि झाकणाचा पहिला बोल्ट आत्ताच ढिला झालाय. तो शेवटच्या बोल्टपर्यंत पोचायच्या आत सगळं सांगून टाकते.

इंग्लंडात, स्टॅफर्डशर परगण्यातल्या एका शेडमध्ये दोन भावांनी मला जोडलं. दिवसभर एकमेकांशी भांडायचे, पण वेल्डिंग झकास. आतून मला डांबराचा काळा थर दिला. त्याचा वास असा उग्र, की धाकटा भाऊ बाहेर येऊन ओकला होता. माझा पहिला मालक शाळामास्तर. तो ऑगस्टमध्ये उगवायचा, मला भरायचा आणि सप्टेंबरात विसरायचा. पाणी वर्षभर तसंच पडून. साठलेल्या पाण्यासारखा कंटाळा जगात दुसरा नाही.

मग आयव्हर आणि ग्लेनिस आले. आयव्हर बस डेपोतून निवृत्त झालेला मिस्त्री, ग्लेनिस त्याची बायको. घर विकून दोघं कायमची बोटीवर राहायला आली आणि माझे दिवस पालटले. किनाऱ्यावरच्या नळाला पाइप लावायचा आणि मी भरेस्तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा छाटायच्या, हा त्यांचा सण. पाऊस, कुणाचं इंजिन बिघडलं, कुणाचा कुत्रा पाण्यात पडला. ही माणसं एकमेकांना घरात बोलावणार नाहीत, पण नळाशी उभं राहून अख्खा संसार सांगतील.

गेल्या शरदात एका सकाळी ग्लेनिसने कप खाली ठेवला.

"आयव्हर, हा चहा आहे की खिळ्यांचा काढा?"

"लोह असतं त्यात. रक्त वाढतं."

"मग तूच वाढव. नाताळात पोरं येतील त्यांना काय हेच पाजू?"

आयव्हरने माझं झाकण उघडलं. माझा काळा थर पापुद्र्यांनी सुटला होता, खाली गंज. मला शरम वाटली, पण तो म्हणाला, "काय गं म्हातारे, माझ्यासारखीच झालीस की!" आणि आडवा होऊन आत सरकला. माझी उंची ती केवढी, त्यात उठून बसतासुद्धा येत नाही. एका कुशीवर पडून, बसखाली पडून काम करायच्या जुन्या सवयीने, तो मला घासत राहिला. चर्चमधली भजनं गुणगुणायचा, सूर सगळे चुकीचे. मला पार उघड्या धातूपर्यंत घासलं, धुतलं. इतक्या मायेने मला कुणीच हात लावला नव्हता. ते दिवस माझे सुखाचे होते, हे मी आज मुद्दाम सांगते.

रंगाचा नवा थर लावायचा तेवढ्यात थंडी पडली. शेजारच्या बोटीवरचा क्लेम डोकावून म्हणाला, "आता लावशील तर मे महिन्यापर्यंत चिकटच राहील गड्या. ऊन पडेस्तोवर थांब. आणि लावशील तेव्हा पंखा ठेव, त्या रंगाचा वास डोक्यात जातो."

सल्ला शहाणाच होता. आयव्हरने ऐकला. पण तो पडला टापटिपीचा माणूस. घासलेली टाकी उघडी कशी ठेवायची? त्याने झाकणाला नवं रबर बसवलं, बोल्ट आवळले, पाणी भरायच्या तोंडाची टोपी फिरवून घट्ट केली, आणि हवेच्या नळीत फडकं गुंडाळून बूच ठोकलं. "एक कोळी शिरला तर नाव बदलेन," म्हणाला. ग्लेनिस कौतुकाने हसली. हिवाळाभर त्यांनी कॅनमधलं पाणी वापरलं.

माझ्या कोपऱ्यात थोडं पाणी राहिलं होतं. उघडं, ओलं लोखंड म्हणजे काय, हे माणसांना वाटतं ठाऊक आहे. त्यांना गंज म्हणजे रंग वाटतो. गंज म्हणजे भूक. हवेतल्या ज्या गोष्टीवर तुम्ही जगता, तीच तो खातो. एरवी नळीतून नवी हवा यायची. या हिवाळ्यात आली नाही. मी खात राहिले. तो माझा स्वभाव आहे, मला थांबता येत नाही.

फेब्रुवारीत गंज वाढायचा थांबला. मला हायसं वाटलं, वाटलं वाचले. मग कळलं तो का थांबला. आत कोंडलेल्या हवेत खायला प्राणवायू उरलाच नव्हता. तेव्हापासून मला भीती वाटतेय.

आज ऊन आहे. सुट्टीचा दिवस, क्लेम बोट घेऊन कुठल्याशा जत्रेला गेलाय. काठावर चिटपाखरू नाही. शेवटचा बोल्ट निघाला. झाकण बाजूला झालं, पण वारा नाही, माझ्या आतली हवा आतच. आयव्हर वाकून हुंगतो.

"बघ, कसलाही वास नाही! जरासा पुसून घेतो, मग रंग."

"आधी पंखा लाव ना," ग्लेनिस आतून म्हणते.

"पंखा रंगाच्या वेळी. आत्तापासून बॅटरी कशाला उतरवू? तू चहा टाक."

रंगाला सगळे भितात, कारण तो ओरडून सांगतो. माझ्या आत जे आहे त्याला वास नाही, रंग नाही, खोकलासुद्धा येत नाही. आयव्हर पाय आत सोडतो, कंबर, मग खांदे. भजनाची पहिली ओळ सुरू करतो. ती अर्ध्यावर तुटते. विजेरी हातातून सुटते आणि माझ्या तळाशी जळत राहते.

"आयव्हर, केक की बिस्किटं?"

ती कपात चहा ओतते.

"बहिरा झालाय मेला."

ती कप घेऊन पुढच्या दारातून बाहेर येते. वाकते. विजेरीच्या उजेडात तिला त्याचा चेहरा दिसतो, माझ्या ओल्या तळाला टेकलेला. तो अजून जिवंत आहे. पण फार वेळ नाही.

ग्लेनिस, बाई, तिथेच थांब. पंखा घे. ते बूच काढ. काठावर जाऊन ओरड, पुलावरून कुणीतरी जात असेल. काहीही कर, पण आत येऊ नकोस. तू त्याला ओढू शकणार नाहीस. माझ्याकडे तुझ्यासाठी एक श्वासही शिल्लक नाही. ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला तरी माझा आवाज पोचतोय ना? मग तिला कुणीतरी सांगा. माझं तिला ऐकू जात नाही.

तिने कप डेकवर ठेवलाय. चष्मा काढून कपाशेजारी ठेवलाय. माझ्या काठावर बसून तिने दोन्ही पाय आत सोडलेत, आणि मुलाला झोपेतून उठवावं तशा हळू आवाजात ती म्हणतेय,

"घाबरू नकोस रे. आलेच हं मी."