मानाच्या टॉवेलाखालचा टेप

मी चोरीला गेलो तो आबासाहेबांमुळे. ज्यानं उचललं त्याचं नाव पुढं सांगतोच, पण आधी हे लक्षात ठेवा. कारण गावानं तिसऱ्याचंच नाव घेतलं.

मी जीपमधला टेप बोलतोय. कॅसेटचा, काढता येणारा. डॅशबोर्डात लोखंडी खाच, तिच्यात मी. हँडल धरून ओढलं की जेवणाच्या डब्यासारखा हातात येतो. शहाण्णव साली नगरच्या दुकानदारानं मला विकताना बजावलं होतं, "जीपला कापडी दारं, कुलूप लागत नाही. उतरताना हा बरोबर न्यायचा. तेच याचं कुलूप." जीपचे मालक आबासाहेबांनी मान हलवली. वडीलधाऱ्यांची मान फार छान हलते. आत काही जात नाही.

जीप मिरजगाव-नगर वडाप करायची, माणशी भाडं घेऊन. ड्रायव्हर भीमराज, बौद्धवाड्यातला, बारावी सोडलेला. दुकानदाराचा शब्द पाळला तो त्यानं. चहाला मी त्याच्याबरोबर, पंक्चरच्या दुकानात त्याच्याबरोबर, मुक्कामालाही त्याच्याच घरी. त्याची आई कलाबाई हसायची, "ह्यालाबी ताट वाढू का रं?" माझं आवाजाचं बटण तुटलं तेव्हा तिनंच टूथपेस्टचं लाल झाकण बसवून दिलं. घट्ट बसलं.

भीमराजला एसटीत लागायचं होतं. अर्ज गेला होता. पोलीस ठाण्यातून चांगल्या वागणुकीचा दाखला मिळाला की काम होणार होतं.

माझा मुक्काम कुठं असतो हे आबासाहेबांना कळलं आणि त्यांच्या नाकाला सुरकुती पडली. "आमचा टेप त्यांच्या घरात?" एवढंच म्हणाले. त्याच माणसाच्या शेजारी बसून नगरला जाताना ती सुरकुती कुठं जायची, कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून रात्री मी आबासाहेबांच्या घरी, फळीवर. धूळ खात.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न आलं. नवरदेवाकडं, श्रीगोंद्यात. भर दुपारी लिंबाखाली जीप लागली आणि भीमराजनं सवयीनं मला ओढून काखेत घेतलं.

"कुठं चालवलास तो डबा?" आबासाहेब.

"मांडवात, आबा. दारं बंद हुत न्हाईत."

"पाव्हन्याच्या दारात आपला माल काखेत घिऊन हिंडतोस? त्यांना चोर समजतोस व्हय रं?"

"मंग मी हितंच बसतो, जीपपाशी."

"हां, बस. राखन कर. म्हंजे लोकांनी इचारावं, आबासाहेबाला कुनाचा भेव वाटतो. टेम्पो घे आन् बरफ आन. हितं समदी आपलीच मानसं हायेत."

भीमराज बर्फाला गेला. आबासाहेबांनी मला परत खाचेत ढकललं. मांडवाच्या तोंडाशीच त्यांना मानाचा टोपी-टॉवेल मिळाला होता. त्यातला नवाकोरा टॉवेल त्यांनी माझ्यावर पसरला. झाकलं की संपलं! घरातली भांडणं अशीच झाकतात, पोरींचं रडणं असंच झाकतात. लिंबाखाली सात जीपा होत्या. ज्या जीपमध्ये टॉवेल, तिच्यात माल. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

जेवणं उठल्यावर एक गुलाबी फेटा आला. राधाकृष्ण, नवरदेवाचा सख्खा मामा. कपाळावर ओला टिळा, हाताला बुंदीचा पाक. त्यानं टॉवेल उचलला, त्यालाच तोंड पुसलं, ढेकर दिली आणि माझं हँडल धरलं. तो चिकट हात अजून अंगावरून जात नाही. आहेराच्या पिशवीत, दोन लुगड्यांच्या मध्ये, मी निघालो.

त्यानं मला ट्रॅक्टरवर बसवलं. महिनाभरानं आबासाहेब त्याच्या ओसरीवर आले. मी अंगणातच वाजत होतो.

"आमच्या ड्रायव्हरनंच हानला टेप," ते सांगत होते. "घरी न्यायची सवयच व्हती त्याला. चावडीपुढं उभा केला, कामावरनं काढला, ठान्यात अर्ज दिलाय."

"लई माजलीत," राधाकृष्ण म्हणाला. माझ्याकडं बघतही नव्हता.

बोलता बोलता आबासाहेब ट्रॅक्टरपाशी आले. अंगठा सवयीनं माझ्या बटणावर गेला. लाल झाकण. अंगठा तिथंच थांबला. मला वाटलं, आता बोलतील. एकच वाक्य लागत होतं.

"च्या घ्या की, पाव्हनं," मागून राधाकृष्ण.

आबासाहेबांनी झाकण फिरवून माझा आवाज बारीक केला. म्हणाले, "आवाज चांगला हाय." आणि बशीत चहा ओतून फुर्रकन प्याले. पुतणी त्याच्या भाच्याच्या घरात नांदायची होती, मान राहायचा होता. मला यंत्राला ओकता येत नाही, नाहीतर तिथंच ओकलो असतो.

आता माझ्यात शेतातली माती गेलीय. कॅसेट गुंडाळतो, आवाज रडका झालाय. गाडीवाल्यांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखा कुणी असेल तर उतरताना काढून घ्या. मांडवात न्या, देवळात न्या, सख्ख्या भावाच्या घरात न्या. लोक हसतील, हसू द्या. आणि झाकू नका.

दिवाळीला आबासाहेब परत आले होते, फराळाला. त्यांच्याच बोलण्यातून कळलं. ठाण्यातला अर्ज त्यांनी मागं घेतला नव्हता. भीमराजला दाखला मिळाला नाही. एसटीची नोकरी गेली.